उघडं लाइव्ह टोक नको : ग्रुपच्या बॅटरी कनेक्टरचं काम (प्रकल्प नोंदी)

४ ऑक्टोबर २०२५

दसऱ्याला हत्यारं, रेडिओ, चार्जर, पॅक सगळं पूजेला एकाच टेबलावर मांडलं होतं तेव्हा नीट दिसलं की आमच्या मुलांच्या विमान-रोबो बनवणाऱ्या ग्रुपकडे बॅटऱ्यांना किती जातीचे कनेक्टर जमलेत. आज मुलं यायच्या आधी सगळे पॅक वेगवेगळे करत बसले. बरेचसे ३एस २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर, ३एस म्हणजे तीन सेल सिरीजमध्ये), विमानांचे आणि छोट्या रोबोंचे. त्यातल्या अर्ध्याअधिकांना एक्सटी-६०, काहींना टी प्लग (ज्याला सगळे डीन्स म्हणतात), काहींना ईसी-३, जुन्या रिमोटच्या गाड्यांच्या निकेल पॅकना टामिया, आणि एका सेकंडहँड पॅकला तर नुसते सुटे ४ एमएमचे बुलेट. आणि हे सगळं एकमेकांना जोडायला अडॅप्टरची एक पिशवी.

मला सगळ्यात जास्त भीती त्या पिशवीची वाटते. अडॅप्टर पॅकला लावला की त्याचं दुसरं टोक लाइव्ह झालं, म्हणजे त्यात बॅटरीचा व्होल्टेज आला, आणि ते टोक मेल (पिनांचं) आहे का फीमेल (भोकांचं) हे घाईत कोणी बघत नाही, पिना उघड्या असल्या तरी पॅक तसाच टेबलावर, बाजूला स्क्रू, वॉशर, पक्कड, सगळं पडलेलं. आजपासून पिशवी कपाटात. दिवाळीच्या आसपास सगळे पॅक एकाच कनेक्टरवर आणायचे असं ठरवलंय, एक्सटी-६०. उलटा बसत नाही, बॉडीवरच प्लस-मायनस कोरलेलं असतं, ६० अँपिअर आमच्या कामाला भरपूर आहे आणि पुण्यात कधीही मिळतो. अगदी छोट्या पॅकना एक्सटी-३० ठेवू.

५ ऑक्टोबर

सातवीतल्या एकानं विचारलं, "ताई, बारा व्होल्टनं शॉक बसत नाही ना, मग एवढं काय घाबरायचं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. शॉक बसत नाही म्हणूनच मोठी माणसंसुद्धा पॅक खेळण्यासारखे हाताळतात. म्हणून फळ्यावर हिशेबच मांडला.

३एस पॅक फुल चार्ज म्हणजे १२.६ व्होल्ट. चांगल्या सेलचा आतला रोध ५ ते १० मिलीओहम असतो, आपण ८ धरला, तीन सेलचे २४, वायर आणि कनेक्टरचे ६ धरले, एकूण ३०. आता १२.६ भागिले ०.०३ करा, ४२० अँपिअर. म्हणजे त्या क्षणाला पाच किलोवॅटच्या वर. घरातल्या पॉइंटला १६ अँपिअरचा एमसीबी असतो, शॉर्ट झालं की तो पडतो. पॅकमध्ये पडणारं काहीच नसतं. पॅकवर २५सी, ३०सी (क्षमतेच्या २५, ३० पट करंट) लिहिलेलं असतं ते इतका करंट मागितलात तर देईन एवढंच सांगतं, त्याच्यावर करंट गेला तर थांबवणारं आत कुणी नाही. ११.१ गुणिले २.२ म्हणजे २४ वॅट-अवरच्या थोडं वर एवढी ऊर्जा त्या मुठीएवढ्या वस्तूत आहे, आणि शॉर्ट झाल्यावर ती वायर लाल होईपर्यंत, इन्सुलेशन वितळेपर्यंत, नाहीतर सेल फुगून पेट घेईपर्यंत येत राहते. आणि मध्ये अंगठी किंवा कडं आलं तर ते धातूचं आहे, क्षणात तापतं आणि हातातून लवकर निघतही नाही. आकडे बघून पोरं शांत झाली.

टेबलावर बसायच्या आधी अंगठी, कडं, चेन, घड्याळ काढून प्लास्टिकच्या डब्यात, हा नियम आजपासून. मुलांच्या आईबाबांनाही सांगितलंय, कारण त्यातले निम्मे आठवड्याला मदतीला येतात आणि अंगठ्या त्यांच्याच हातात जास्त असतात.

११ ऑक्टोबर

आज चार्जर. गेल्या महिन्यात मैदानावर ठिणगी उडाली होती ती इथलीच. आमच्या चार्जरला ४ एमएमचे बनाना सॉकेट आहेत आणि चार्जिंग लीडच्या एका टोकाला दोन बनाना प्लग, दुसऱ्या टोकाला एक्सटी-६०. एका मुलाने आधी पॅक लीडला जोडला आणि मग बनाना चार्जरमध्ये घालायला गेला, तेवढ्यात दोन्ही प्लग एकमेकांना लागले. मुलाला काही झालं नाही, प्लगची टोकं मात्र जळून खडबडीत झाली. यात त्या मुलाची काही चूक मला वाटत नाही, कारण लीडची रचनाच अशी आहे की दोन उघडी धातूची टोकं पाच-सात सेंटिमीटर वायरवर मोकळी लोंबतात आणि पॅक लागला की दोन्ही लाइव्ह.

क्रम सगळ्यांना माहिती असतो, आधी बनाना चार्जरला, मग पॅक, आणि काढताना आधी पॅक. पण संध्याकाळी अंधार पडताना, चार जण एकदम बोलत असताना क्रम पाळला जाईलच यावर मला विसंबून राहायचं नाहीये. म्हणून चार्जर एका प्लायच्या फळीवर स्क्रूनं बसवला, बनाना आत घातले आणि वरून ॲक्रिलिकची पट्टी आडवी आवळली, आता स्क्रू ड्रायव्हर घेतल्याशिवाय ते निघतच नाहीत. लीडही आखूड केली. बाहेर मोकळं टोक उरतं ते फक्त एक्सटी-६० मेल, आणि पॅक न लावता चार्जर चालू केला तर तो आउटपुट देत नाही, एरर दाखवतो, मीटर लावून बघितलं. नवीन चार्जर घेताना थेट एक्सटी-६० सॉकेट असलेलाच घ्यायचा, त्यात ही भानगडच नाही.

पॅरलल चार्जिंग बोर्डची (अनेक पॅक एकत्र जोडून एकाच चार्जरवर चार्ज करायचा) मागणी आली होती, नको म्हणाले. एक पॅक सेलला ४.२ व्होल्टवर आणि दुसरा ३.७ वर असेल तर ३एसला दीड व्होल्टचा फरक, दोघांचे रोध मिळून ६० मिलीओहम धरले तर जोडल्या जोडल्या २५ अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात, म्हणजे २२०० एमएएचच्या पॅकला क्षमतेच्या अकरा पटीनं चार्ज केल्यासारखं. मोठ्या माणसांनी मोजूनमापून करायचं काम आहे ते, लहान मुलांच्या ग्रुपमध्ये एकेक पॅक चार्ज होऊ दे, वेळ लागला तर लागू दे.

१२ ऑक्टोबर

बुधवार पेठ. एक्सटी-६० च्या जोड्या, १४ गेजची सिलिकॉन वायर, तीन मापांची हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसणारी नळी), ब्लेड फ्यूज होल्डर. कनेक्टरमध्ये स्वस्त माल पण खूप आहे, प्लास्टिक असं की सोल्डर करताना मऊ पडतं आणि पीन तिरकी होते. मी आधी एकच जोडी घेतली, घरी आणून डाग देऊन बघितला, पीन जागची हलली नाही तेव्हा बाकीच्या घ्यायला परत गेले. दुकानदार दादा म्हणाले एवढी चौकशी कोणी करत नाही. करायला पाहिजे, तिरकी पीन अर्धवट बसते, गरम होते, आणि गरम होऊन प्लास्टिक बसलं की दोन पिनांमधली भिंतच जाते.

१८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी, तरी चार मुलं आली. आज खरं काम, जुने कनेक्टर काढणं.

आधी मेल-फीमेल, कारण यावर दर वेळी वाद होतो. पॅकवर जायचा तुकडा म्हणजे ज्याचे संपर्क नळीसारखे आहेत आणि नायलॉनच्या आत बुडालेले आहेत तो. ज्याच्यात खोबणीत उभ्या पिना दिसतात तो मोटर कंट्रोलरच्या बाजूला. नाव काहीही म्हणा, पॅककडचं टोक टेबलावरच्या वॉशरवर किंवा पक्कडीवर पडलं तरी दोन्ही धातू एकदम टेकता कामा नयेत, एवढंच तपासायचं. सेकंडहँड आलेल्या एका टी प्लगवाल्या पॅकला कुणीतरी मेल बसवला होता, दोन पात्या बाहेर, मध्ये काही मिलिमीटर हवा. तो सगळ्यात आधी घेतला.

सुट्या बुलेटवाल्या पॅकवर मुलांनी चांगली चर्चा केली. त्याला एका वायरला मेल आणि एकीला फीमेल होता, उलटं जोडलं जाऊ नये म्हणून लोक असं करतात. पण मग त्याच पॅकचा मेल त्याच्याच फीमेलमध्ये बसतो ना! एक मुलगी म्हणाली दोन्ही फीमेल करूया. मग स्वतःत बसणार नाही, पण उलटा जोडता येईल, आणि उलटा जोडला की कंट्रोलर गेला. म्हणजे सुटे बुलेट ठेवले की दोनातला एक धोका पत्करावाच लागतो, दोन्ही संपर्क एकाच बॉडीत बसवले की दोन्ही जातात. हे त्यांचं त्यांनीच शोधलं, मी फक्त बाजूला उभी होते, फार बरं वाटलं.

कापायची पद्धत. दोन्ही वायर एकदम कटरमध्ये कधीही घ्यायच्या नाहीत, कटरची पाती स्टीलची आहे, ती दोन्हींना एकदम लागली की शॉर्ट. कनेक्टर कापून टाकायचाच आहे तर एका फटक्यात उडवूया असं हाताला वाटतंच, म्हणून मुलांना कटर द्यायच्या आधी हे दोनदा बोलून घेतलं. पहिली एक वायर कापायची, नवीन कनेक्टरला सोल्डर करायची, स्लीव्ह चढवून आकसून घ्यायची, गार होऊ द्यायची, आणि तोवर दुसरी वायर जुन्या कनेक्टरमध्येच अडकलेली राहते. मग दुसरी. स्लीव्ह सोल्डरच्या आधी वायरवर ओवायची, आणि कनेक्टरपासून लांब सरकवून ठेवायची नाहीतर डागाच्या उष्णतेनं ती तिथेच आकसते. समोरचा जोडीचा तुकडा (मोकळा, वायर नसलेला) घालून मग सोल्डर करायचं, पिना सरळ राहतात आणि उष्णता थोडी तोही घेतो. सोल्डरिंग आयर्न ६० वॅटचं. २५ वॅटचं घेतलं तर १४ गेजच्या वायरवर कितीतरी वेळ टेकवून बसावं लागतं आणि तेवढ्यात नायलॉन मऊ. गरम, झटपट, बाजूला.

पॅक स्टोरेज चार्जवर, म्हणजे सेलला ३.८ च्या आसपास आणून मगच हात लावला. शॉर्ट झालं तर तेव्हाही होईलच, पण आतली ऊर्जा निम्म्यावर आलेली असते. सगळ्यांना चष्मे, बाजूला वाळूची बादली, दार उघडं.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मोठ्या मुलांची, म्हणजे डिप्लोमावाल्यांची टीम डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला जायचं म्हणतेय, रोबोवॉरचा बॉट बनवतायत. त्यांच्या बॉटमध्ये मला या सगळ्या कामातली सगळ्यात धोक्याची वस्तू सापडली, आणि ती बॅटरी नव्हतीच.

लढणाऱ्या बॉटला बाहेरून काढता येईल अशी लिंक लागते, ती काढली की बॉट मेला, म्हणजे कोणीही जवळ जाऊ शकतो. लिंक म्हणजे काय, तर एका कनेक्टरच्या दोन्ही टोकांना जाड वायरचा तुकडा सोल्डर करून केलेला फेरा. बॉटमध्ये पॉझिटिव्ह वायर मध्ये तोडून तिथे सॉकेट बसवायचं, लिंक घातली की जोड पूर्ण. पोरांनी हे एक्सटी-६० मध्ये केलं होतं, आणि नीट विचार करूनच केलं होतं, बॉटच्या अंगावरचं सॉकेट बुडालेल्या संपर्कांचं कारण ते बाहेर उघडं असतं आणि त्याचं एक टोक थेट बॅटरीला जातं. मग लिंक आपोआप मेल होते. आणि आमच्या सगळ्या बॅटऱ्या फीमेल.

म्हणजे ती लिंक कुठल्याही बॅटरीत छान टक्कन बसते. लिंकचं एक टोक दुसऱ्याला जाड वायरनं जोडलेलं, म्हणजे बॅटरी थेट शॉर्ट, आणि कनेक्टर घट्ट बसल्यामुळे ते ओढून काढतानाही हात तिथेच. पिटमध्ये, म्हणजे दोन फाइटच्या मध्ये बॉट नीट करायच्या जागेत, घाई असते, तीन मिनिटांची फाइट संपवून आलेत, कोणीतरी बॅटरी बदलतोय, कोणीतरी लिंक हातात घेऊन उभा आहे, आणि दोन्ही पिवळे, दोन्ही एका मापाचे. मी हातातली लिंक आणि एक पॅक शेजारी धरून दाखवले, जोडले अर्थातच नाहीत, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पर्याय बरेच बोलले गेले. लिंकला लाल रंग द्यायचा, दोरी बांधायची, वर लिहायचं. रंग द्याच, पण रंग बघणाऱ्यालाच उपयोगी. लिंकची जात उलटी केली तर बॅटरीत बसणार नाही, पण मग बॉटच्या अंगावर लाइव्ह पीन उभी राहते, तिला ॲल्युमिनियमचा तुकडा लागला तर बॉट आपोआप चालू. शेवटी माप बदललं. लिंक आणि तिचं सॉकेट एक्सटी-९० मध्ये, पिना साडेचार एमएम, बॅटरीच्या साडेतीनच्या भोकात त्या जातच नाहीत. ग्रुपमध्ये कुठल्याही बॅटरीला एक्सटी-९० लावायचा नाही हेही आजच लिहून टाकलं, नाहीतर मोठ्या बॉटच्या वेळी परत तेच.

लावलेला एक्सटी-९० अँटीस्पार्क प्रकारातला आहे, आत ५.६ ओहमचा रेझिस्टर, आधी त्याच्यातून कंट्रोलरचे कपॅसिटर भरतात आणि मग मुख्य संपर्क लागतो. मुलांना सांगावं लागलं की साधा कनेक्टर जोडताना जी छोटी टचकन ठिणगी येते ती शॉर्ट नाही, ते कपॅसिटर भरतायत. शॉर्टची ठिणगी वेगळीच असते, आवाज मोठा आणि धातूचे कण उडतात. पण रोजच्या ठिणगीचीही सवय होऊ नये असं मला वाटतं, सवय झाली की माणूस खरी ठिणगीसुद्धा नेहमीचीच समजून परत जोडायला जातो.

२ नोव्हेंबर

बल्बची पेटी तयार. मोटरसायकल-गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि होल्डर, बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये सिरीजमध्ये, दोन्ही बाजूंना एक्सटी-६०. नवीन वायरिंग केलेलं कुठलंही मॉडेल पहिल्यांदा यातूनच जोडायचं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून विझतो. शॉर्ट असेल तर पूर्ण पेटून राहतो, आणि पूर्ण पेटला तरी पावणेदोन अँपिअरच जातो, ४२० कुठे आणि हे कुठे. मोटर फिरवायची नाही, फिरवली तर बल्ब पेटणारच. ४एसला दोन बल्ब सिरीजमध्ये.

पहिल्याच संध्याकाळी एका विमानाचा बल्ब पेटून राहिला. कंट्रोलरच्या पॅडवर सोल्डरचा एक बारीक मणी प्लस आणि मायनसच्या मध्ये. शंभर रुपयांच्या आतलं सामान, कंट्रोलर वाचला, आणि ज्याचं विमान होतं त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मोठ्या बॉटची चेसी धातूची आहे म्हणून मीटरनं बॅटरी प्लस ते चेसी आणि मायनस ते चेसी दोन्ही तपासले, कुठेही जोड नाही. ही तपासणी प्रत्येक फाइटच्या आधी, कारण दणके बसून वायर घासते आणि आधी एक बाजू चेसीला लागते, तेव्हा काहीच होत नाही, बॉट नीट चालतो. दुसरी लागली की मग होतं.

८ नोव्हेंबर

बॅलन्स लीड, म्हणजे प्रत्येक सेल चार्जरला वेगळा मोजता यावा म्हणून पॅकमधून निघणाऱ्या बारीक तारा. जाड वायरींकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि ही पांढरी बारीक जेएसटी-एक्सएच विसरली जाते, ३एसला चार तारा, पिनांमध्ये अडीच एमएम अंतर. टोकाच्या दोन तारांमध्ये पूर्ण पॅकचा व्होल्टेज आहे आणि तारा फक्त २२ गेजच्या, शॉर्ट झाली तर कनेक्टर जळायच्या आधी तारच तापते, तिचं इन्सुलेशन वितळतं, शेजारचीला लागते, पुढे एकेक. एका पॅकची बॅलन्स तार मुळाशी तुटलेली होती आणि उघडं टोक टेपमध्ये गुंडाळलं होतं. टेप उन्हात सुटते, गोंद सरकतो. स्लीव्ह घातली. प्लगची बॉडी तुटली असेल तर नवीन बॉडीत पिना एकेक करून हलवायच्या, एक बाहेर, लगेच आत, मग दुसरी.

मैदानावरच्या दिव्यासाठी १८६५० सेलचा (नळकांड्यासारखे लिथियम सेल) पॅक आहे त्याला फ्यूज बसवला. विमानांच्या पॅकला फ्यूज घालत नाही, कारण मोटरचा करंटच मोठा आणि हवेत फ्यूज उडाला तर विमान जातं, पण दिव्याला तसं काही नाही, १० अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज, पॉझिटिव्हपासून जेवढा जवळ बसेल तेवढा जवळ. फ्यूजच्या अलीकडच्या, म्हणजे सेलकडच्या वायरला मात्र फ्यूज वाचवत नाही. सेल तपासताना दोनांचं प्लास्टिकचं आवरण वरच्या कडेला फाटलेलं दिसलं. १८६५० चं अख्खं धातूचं अंग निगेटिव्ह असतं, वरच्या पॉझिटिव्हच्या अगदी कडेपर्यंत, त्यामुळे निकेलची पट्टी त्या कडेवर दाबली गेली की शॉर्ट. नवीन आवरण, वर कागदी इन्सुलेटर रिंग, मग पट्टी.

१५ नोव्हेंबर

सगळ्या पॅकना टोप्या. बुडालेले संपर्क असले तरी बॅगेत किल्ली, पिना, ॲल्युमिनियम फॉइल काय काय असतं. टोपी असली म्हणजे चार्ज्ड, टोपी नाही म्हणजे वापरलेला, एवढी एक सवय लावली आणि मुलांनी दोन दिवसांत उचलली. पॅक ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत आतून प्लाय लावला, पत्रा स्वतःच तारेसारखा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. झाकण हवाबंद नाही ठेवायचं, सेल फुटला तर वायूला बाहेर पडायला वाट पाहिजे.

एक पालक कामासाठी बेंगळुरूला विमानानं जातात, त्यांच्याबरोबर दोन पॅक पाठवायचे आहेत. १०० वॅट-अवरच्या आत असल्यामुळे चालतात, पण चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत, आणि प्रत्येक पॅक वेगळ्या पिशवीत, मुख्य कनेक्टरला टोपी, बॅलन्स प्लगवर टेप.

फुगलेले पॅक बाजूला काढले, ते बाहेर उघड्यावर बल्बवर उतरवून शून्याजवळ आणायचे, वायरी एकेक करून वेगवेगळ्या ठिकाणी कापायच्या, टोकं झाकायची आणि ई-कचऱ्याच्या संकलनात द्यायचे. घंटागाडीत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत लायपोही येतात.

२२ नोव्हेंबर

टामियावाले निकेल पॅक बाकी आहेत. डिप्लोमावाल्यांनी दुसऱ्या बॉटसाठी दोन पॅक सिरीजमध्ये जोडायची हार्नेस (वायर आणि कनेक्टरची जोडणी) बनवलीय, तिच्यात एक पॅक लावून दुसरा लावायच्या आधी रिकामं राहणारं टोक लाइव्ह होतं का ते मीटरनं बघायचंय, आणि ते मेल असल्यामुळे त्याला दोरीनं बांधलेली टोपी पाहिजे. अडॅप्टरच्या पिशवीतले एक्सटी-६० वेगळे काढून बाकीचे पुढच्या शनिवारी कापायचे, त्यांना बॅटरी नाही त्यामुळे दोन्ही वायर एकदम कापल्या तरी चालतील, पण मुलांकडून एकेकच कापून घेणार.